खेळाला कोर्स म्हणायचे दिवस

त्या मशीनचा तुम्हाला पुढे आयुष्यात काय उपयोग झाला, असं हल्ली मला कुणी ना कुणी विचारतं. विचारणाऱ्याची अपेक्षा असते की मी म्हणेन, एकाग्रता आली, इंग्रजी सुधारलं, झटपट निर्णय घ्यायची सवय लागली. मी म्हणते, काही उपयोग झाला नाही. मग माणूस जरा हिरमुसतो आणि चहाच्या कपाकडे वळतो. हिरमुसू दे. पुढे मी जी नोकरी केली, जो संसार केला, त्यातल्या कशालाही टीव्हीला जोडून खेळायच्या त्या कन्सोलचा हातभार लागलेला नाही, आणि लागला असता तरी मी तो इथे लिहिला नसता. मी खेळायचे. मला आवडायचं म्हणून खेळायचे. एवढं एक वाक्य आमच्या घरात उघडपणे बोललं जावं म्हणून मला जे करावं लागलं, ते मात्र सांगण्यासारखं आहे.

आम्ही नांदेडला राहायचो. पप्पा शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळी बैठकीतल्या सतरंजीवर शिकवणी घ्यायचे. बैठकीत टीव्ही, टीव्हीखाली काचेच्या दारांचं शोकेस, शोकेसमध्ये पप्पांना मिळालेली सन्मानचिन्हं आणि कुणीतरी तिरुपतीहून आणलेला एक काचेचा मोर. आतल्या खोलीत खिडकीशी आईचं पिको-फॉलचं मशीन. सकाळी गुरुद्वाऱ्याकडून कीर्तन ऐकू यायचं, त्यात कुकरच्या शिट्ट्या मिसळायच्या, आणि मग दिवसभर त्या मशीनचा घर्रर्र आवाज. लग्नसराईत आमच्या घरात माणसांपेक्षा साड्या जास्त असायच्या. पलंगावर साड्या, खुर्चीवर साड्या, फ्रिजवरसुद्धा. बारावीपासून मी आईच्या बरोबरीनं पिको करायचे आणि माझ्या साड्यांचे पैसे आई वेगळ्या डब्यात टाकायची. त्या डब्याकडे कुणी वाकड्या नजरेनं पाहिलं नाही. मुलगी शिवणकाम करते म्हटल्यावर सगळ्यांना बरंच वाटायचं. डब्यातून काय घ्यायचं हे मी बोलून दाखवेपर्यंत.

खेळायचं वेड मला लागलं आफरीनमुळे. ती आमच्या मागच्या गल्लीत राहायची, माझ्याच वर्गात होती आणि तिच्या भावाचा एक जुनापुराणा कन्सोल तिच्या घरी होता. शाळा सुटली की आम्ही दोघी तिच्याकडे. एका खेळात आमचा जीव अडकला होता. दोन माणसं एका दोराला बांधलेली असतात आणि बर्फाचा डोंगर चढतात. एकीनं उडी मारली की दुसरीनं दोर घट्ट धरून ठेवायचा, मग पहिलीनं खुंटी ठोकायची आणि दुसरीला वर ओढायचं. एकटीला तो डोंगर चढताच येत नसे, खेळ सुरूच व्हायचा नाही. आफरीन उड्या मारायची, मी दोर धरायचे. मला दोर धरणंच जास्त आवडायचं. तिची अम्मी आम्हाला खारे शेंगदाणे आणून द्यायची आणि म्हणायची, "पोरींनो, चढला का नाही अजून? काल पण इथंच होत्या तुम्ही."

बारावीनंतर आफरीनचा डॉक्टरकीचा नंबर थोडक्यात हुकला आणि तिला पुन्हा परीक्षेला बसायला लातूरला पाठवलं. तिथे ती मामूकडे राहायची. मामूच्या मुलाकडे नवा कन्सोल होता आणि क्लासला सुट्टी असली की तिला तो मिळायचा. तिनं मला फोन केला, "तू तिकडं एक घेतलीस ना, तर इंटरनेटवरून चढू आपण. मी लातूरहून उडी मारते, तू नांदेडहून दोर पकड." मी इथे सायन्स कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. मला ती नव्हती म्हणून करमत नव्हतं, आणि खेळ नव्हता म्हणूनही. त्यातलं कुठलं जास्त होतं हे मी तेव्हा ठरवलं नाही आणि आता ठरवायची गरज वाटत नाही.

निवड करायला मी बरेच दिवस घेतले. एक पांढरा, उभा राहणारा, पुस्तकाच्या पानासारखा कडेनं वळलेला. एक काळा, साधा ठोकळा. पांढऱ्यातही दोन प्रकार: एकात खेळाची डिस्क घालायची फट, दुसऱ्यात नाही. फट नसलेला स्वस्त. आफरीनकडे पांढरा होता आणि आमचा तो डोंगर पांढऱ्याचा पांढऱ्याशीच जुळायचा, त्यामुळे काळा बाद झाला. राहता राहिली फट. दुकानदार स्वस्तातला गळ्यात मारायला बघत होता. पण फट नसलेल्यात प्रत्येक खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो, आणि आमच्या गल्लीतलं इंटरनेट म्हणजे वारं सुटलं की गेलं. शिवाय मला आफरीनकडून एक गोष्ट कळली होती. लातूरला परीक्षा जवळ आली की क्लासची मुलं आपापल्या डिस्क मातीमोल विकून टाकतात, कारण घरचे येऊन खोल्या तपासतात. म्हणजे फटवाला घेतला तर वर्षातून एकदा आफरीन मला पिशवीभर खेळ पाठवू शकणार होती. मी हे सगळं पप्पांपुढे कागदावर मांडलं. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला, चूक शोधली, सापडली नाही. "बरोबर आहे," ते म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून ते इतक्या नाइलाजानं आलं की मला हसू आलं.

दुकानात आम्ही दोघं गेलो. दुकानदार सगळा वेळ पप्पांशी बोलत होता. "सर, मुलाला कोणते खेळ आवडतात? गाड्यांचे का मारामारीचे?"

"मुलगा नाही मला," पप्पा म्हणाले. "हिला पाहिजे."

"हिला?" त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मग ताई, एखादा सोपा दाखवू का?"

"फटवाला दाखवा," मी म्हणाले. "आणि दुसरा कंट्रोलर पण लागंल. सोपं काय ते तुमच्याकडंच ठेवा."

पप्पांनी मला कोपर मारलं. पुढे किंमतही मीच पाडून घेतली. पण बाहेर आल्यावर स्कूटीवर खोकं माझ्या मांडीवर देताना तेच म्हणाले, "नीट धर. घासाघीस बरी केलीस."

घरी आल्यावर आईनं खोक्याला आधी हळद-कुंकू लावलं आणि मगच कात्री हातात दिली. जोडणी मी एकटीनं केली. आमच्या टीव्हीला मागे एचडीएमआयची एकच खाच, त्यात डिशच्या डब्याची वायर. म्हणजे एक काढल्याशिवाय दुसरी बसत नसे. आईची रात्रीची मालिका, पप्पांच्या बातम्या आणि माझा डोंगर या तिघांचं राज्य त्या एका खाचेवर आलं आणि तिथूनच खरी कटकट सुरू झाली. कन्सोल सुरू झाल्या झाल्या त्यानं स्वतःला अद्ययावत करून घ्यायचं ठरवलं. त्या दिवशी वारं नेमकं सुटलेलं. माझ्या मोबाइलचा दिवसाचा डेटा त्यानं खाल्ला, मग आईचा खाल्ला, आणि मग पप्पांनी शिकवणी चालू असताना न बोलता खिशातून आपला मोबाइल काढून माझ्या हातात दिला. खात्याला नाव द्यायचं होतं. मला जी सुचली ती सगळी जगात कुणी ना कुणी आधीच घेऊन ठेवलेली होती. शेवटी वैतागून मी समोरच्या साडीकडे पाहिलं आणि लिहिलं, पिकोफॉल. ते मात्र कुणी घेतलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खेळ सुरू केला तर थोड्या वेळानं पडदा काळा. पुन्हा सुरू केला, पुन्हा काळा. मशीनला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं. बघते तर शोकेसची काच घट्ट लावलेली, आणि मशीनवर क्रोशाचं कव्हर. आईनं रात्री बसून घातलेलं, चारी बाजूंनी झालर, वर गुलाब. आमच्या घरात फ्रिजला कव्हर होतं, मिक्सरला होतं, फोन यायचा बंद झाला तरी लँडलाइनला होतं. नव्या वस्तूला उघडं ठेवणं आईला बघवत नसे. मी समजावलं की या मशीनला श्वास घ्यावा लागतो. "मग झालर काढते," आई म्हणाली, "गुलाब राहू दे." आताच्या पोरांना हे सांगितलं की ती आधी मशीन तापायचं यावर हसतात आणि मग त्याला वायर असायची यावर. मला त्या गुलाबाचं अजून कौतुक वाटतं.

तर असा सगळा आनंद चालला असताना तात्यांचा फोन आला. तात्या म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ. चाकूरजवळच्या गावी आमची जमीन एकत्र होती आणि ती तात्या कसायचे. आमच्या घरातली तूर, ज्वारी, तेल तिकडून यायचं आणि त्याबरोबर तात्यांचा शब्दही यायचा. पप्पा इतके शिकलेले, पण तात्यांचा फोन आला की उभे राहून बोलायचे. तात्यांना कुठूनतरी कळलं होतं की पोरीनं महागाचं काहीतरी घेतलं. पप्पा गॅलरीत गेले. काचेतून मला त्यांचं अर्धंच बोलणं ऐकू आलं. "न्हाई न्हाई तात्या, खेळणं नाही. कॉम्प्युटरचं मशीन हाय. कोर्स हाय तिचा. हाव, कोर्स."

मला वाटलं, फोनपुरतं असेल. पण त्या शब्दानं आमच्या घरात बस्तान मांडलं. शेजारच्या काकू आल्या की आई दारातूनच आवाज द्यायची, "अगं, कोर्स बंद कर, काकू आल्यात." पप्पांची शिकवणीची मुलं यायची वेळ झाली की पप्पा विचारायचे, "झाला का कोर्स?" मी डोंगरावरून पडले की आई आतून म्हणायची, "काय गं, कोर्स अवघड हाय का?" आणि स्वतःच हसायची. पहिल्यांदा मलाही गंमत वाटली. मग शेजारच्या काकूंनी विचारलं की आमच्या बंटीला पण त्या कोर्सला घालता येईल का. मग पप्पांच्या शाळेतले एक सर म्हणाले, कोर्स संपल्यावर नोकरीचं कसं? मग पप्पाच एकदा गंभीरपणे म्हणाले, "खरंच एखादा कोर्स लावून टाक ना. म्हणजे प्रश्नच मिटला."

तेव्हा मला पहिल्यांदा राग आला. प्रश्न कुणाला पडला होता? माझे मार्क चांगले होते. मशीन माझ्या पिकोच्या पैशांचं होतं. त्याच बैठकीत दिवाळीला पप्पा, तात्या आणि त्यांचे मित्र पत्त्यांचे डाव मांडून बसायचे, चहाच्या फेऱ्यांवर फेऱ्या व्हायच्या, हरलेला रुसायचा, आणि त्याला कुणी कोर्स म्हणत नव्हतं. पुरुष खेळतात ते खेळणं. मुलीनं खेळायचं ते पंचमीच्या झोक्यापुरतं, तेही लग्न होईस्तोवर. नंतर तिनं जे करायचं त्याला काम म्हणायचं, किंवा देवाचं म्हणायचं, किंवा पोराबाळांसाठी म्हणायचं. स्वतःसाठी नुसतं खेळायचं असेल तर त्याला दुसरं नाव द्यायचं. मला दुसरं नाव नको होतं. मशीन तर हवंच होतं, पण खेळ म्हणून हवं होतं. कारण मला चांगलं कळत होतं, कोर्स म्हणून ते घरात राहिलं तर एक दिवस कोणीतरी त्याचा निकाल मागणार, आणि निकाल नाही म्हणून ते जाणार.

झालंही तसंच. नवरात्रात तात्यांचा निरोप आला की खंडेनवमीला येताना पोरीचं मशीन पण घेऊन या. आमच्या घराण्यात खंडेनवमीला सगळ्यांची औजारं चाकूरच्या घरी एका ओळीत पूजली जायची. जो जिथे असेल तिथून आपलं औजार घेऊन यायचा. पप्पा दरवर्षी शाळेतला फळ्यावरचा लाकडी कंपास न्यायचे. आई मशीन नेऊ शकत नसे म्हणून कात्री आणि बॉबीनची डबी न्यायची. या वर्षी मी पांढरं मशीन टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि आम्ही एसटीत बसलो. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. मशीन मांडीवर असताना मी आफरीनला मेसेज केला, उद्या तुझ्या क्लासला सुट्टी ना? तिचा लगेच उलटा मेसेज आला: दुपारी मशीन मला मिळतंय, दोर घेऊन तयार राहा. मी लिहिलं, उद्या मी चाकूरला असेन. तिनं लिहिलं, मग काय, चाकूरला टीव्ही नसतो का?

तात्यांचं घर पक्कं होतं, पुढे मोठी बैठक, भिंतीवर आमच्याहून मोठा टीव्ही. अंगणात सोयाबीनचा वास भरून राहिला होता. पीक कापून रानात पडलं होतं, आभाळ भरून आलं होतं, आणि तरी तात्यांनी मळणीयंत्र धुऊन अंगणात आणून उभं केलं होतं. खंडेनवमीला औजारांना सुट्टी. पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत कुठल्याही औजाराला हात लावायचा नाही, मग पाऊस येवो की काही येवो. हे तात्या नुसतं म्हणायचे नाहीत, पाळायचे. त्या बाबतीत मला त्यांच्याबद्दल आदर होता आणि आजही आहे. आत पुरण शिजत होतं, येसराच्या आमटीचा खमंग वास येत होता, आणि तात्यांच्या घरच्या थोरल्या काकू व आई दोघी पोळ्यांना बसल्या होत्या.

पूजेची आमच्याकडे एक पद्धत होती. ओळीतल्या प्रत्येक औजारापुढे तात्या कुंकवाचं बोट घेऊन थांबायचे, आणि ज्याचं औजार त्यानं त्याचं काम बोलून दाखवायचं. मग सगळ्यांनी "हाव" म्हणून होकार द्यायचा आणि तात्या टिळा लावायचे. कामाशिवाय टिळा नाही. तात्यांनी स्वतःपासून सुरुवात केली. "नांगराचा फाळ. रान उलथतो." हाव. "फवारणीचा पंप. कीड मारतो." हाव. पप्पा म्हणाले, "कंपास. वर्तुळ काढतो." हाव. आईनं पदर सावरून हळूच म्हटलं, "कात्री. कापती." हाव. मग तात्या माझ्या मशीनपुढे आले. पप्पांनी ते मघाशीच कंपासाच्या शेजारी नीट मांडून ठेवलं होतं, वर झेंडूचं एक फूलही.

"हे काय? ह्याचं काम काय?"

"कोर्सचं हाय ते तात्या," पप्पा म्हणाले. "सांगितलं नव्हतं का."

"तू तुझ्या कंपासाचं सांगितलास ना, शिवाजी? तिचं ती सांगल. सांग पोरी."

मी पप्पांकडे पाहिलं. ते डोळ्यांनी विनवत होते, हे मला स्पष्ट दिसलं. पण समोर ती ओळ होती, आणि त्या ओळीत कुणीच खोटं बोललं नव्हतं. फाळ खरंच रान उलथतो.

"ह्याचं काही काम नाही तात्या. ह्याच्यावर खेळतात."

तात्यांचं कुंकवाचं बोट तसंच थांबलं. "काय खेळतात?"

"डोंगर चढतात. मी आन माझी मैत्रीण."

"आन कोर्स?"

"कोर्स नाही. नव्हताच कधी."

आतून लाटण्याचा आवाज बंद झाला. पप्पा खाली बघत होते. तात्या हळू आवाजात म्हणाले, "खेळणं औजारात बसत न्हाई. उचल ते."

"उचलते," मी म्हणाले. फूल काढून कंपासावर ठेवलं, मशीन उचललं आणि बैठकीकडे निघाले.

"तिकडं कुठं नेऊन राहिलीस?"

"टीव्हीला लावते."

"आज?"

"आज औजारांना सुट्टी हाय, तात्या. हे औजार न्हाई असं तुम्हीच म्हणलात. मग ह्याला सुट्टी कशाची?"

मी तात्यांच्याच नियमानं बोलले होते, त्यात बोट ठेवायला जागा नव्हती, आणि ते त्यांना माझ्याआधी कळलं होतं. त्यांचा चेहरा लाल झाला. "शिवाजी," ते पप्पांना म्हणाले, "पोरीचं तोंड लई चालून राहिलं. दिवाळीला मी नांदेडला येईन. तवर हे मशीन दुकानात परत गेलं पायजे. घरात दिसलं तर उंबऱ्यातूनच माघारी फिरंन, सांगून ठेवतो." आणि ते अंगणातल्या बाजेवर जाऊन बसले, बैठकीकडे पाठ करून.

मी वायर जोडली, मोबाइलचं इंटरनेट लावलं. वायर खाचेत उलटी जात होती. त्या बैठकीत मी कधी बसलेही नव्हते, चहाचा ट्रे ठेवायचा आणि मागे फिरायचं एवढीच माझी तिथली ओळख. त्या दिवशी मी तात्यांच्या खुर्चीत बसले. हेडफोन नांदेडला राहिला होता, त्यामुळे आफरीनचा आवाज टीव्हीतून अख्ख्या घरात घुमला. "किधर थी गे तू? कब की उडी मारने को खडी मैं. पाय सुन्न पडले माझे."

"आले," मी म्हणाले. "जरा पूजा होती."

"झाली का?"

"माझी झाली."

आम्ही चढायला लागलो. रडू येत होतं आणि रडत मी दोर धरला होता. त्याच वेळी आई स्वयंपाकघराच्या दारात आली. थोरल्या दिराशी आई कधी थेट बोलत नसे, जे सांगायचं ते भिंतीला किंवा भांड्याला सांगायची. ती दाराच्या चौकटीकडे बघत, अंगणात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाई, खेळ. पर पोळी गार व्हायच्या आत खेळ." आणि आत गेली. मी ती पोळी कन्सोलशेजारी बसून खाल्ली, तुपाचा हात लागू नये म्हणून डाव्या हातानं. इतकी चांगली पुरणपोळी मी नंतर खाल्ली नाही.

परतीच्या एसटीत पप्पा खिडकीकडे तोंड करून बसले होते. लोहा आल्यावर ते म्हणाले, "तू मला खोटं पाडलंस. चार माणसांत."

"तुम्ही मला वाचवायला बोललात, ते कळतंय मला," मी म्हणाले. "पण मी चोरी केली होती का? मग वाचवायचं कशापासून?"

पुढचे कितीतरी दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलत राहिले. मी घाबरले होते, पण मशीन परत केलं नाही आणि लपवलंही नाही. शेजारच्या काकू आल्या तेव्हा आईनं सवयीनं "कोर्स बंद कर" म्हटलं आणि मी आतून म्हणाले, "खेळ चालू आहे. काकूंना बसायला सांग, एवढा कडा चढते." काकू बसल्या. त्यांनी तो कडा शेवटपर्यंत पाहिला आणि मी पडल्यावर हळहळल्याही.

तात्या त्या दिवाळीला आले नाहीत. पुढच्या वर्षी आले, बैठकीत मशीनकडे पाठ करून चहा प्यायले आणि मरेपर्यंत त्यांनी त्या वस्तूचं नाव घेतलं नाही. तो त्यांचा हक्क होता. मीही त्यांची कधी माफी मागितली नाही आणि आता या वयातही मागावीशी वाटत नाही.

पण दिवाळीच्या आधीचा एक रविवार सांगितल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही. दुपारची वेळ होती. आफरीन उडी मारायच्या तयारीत होती, मी दोर धरला होता आणि पप्पा त्याच बैठकीत सतरंजीवर पेपर तपासत होते, अजून माझ्याशी नीट न बोलता. तात्यांचा फोन आला. पप्पांच्या हातात लाल पेन होता म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकून पेपरांच्या गठ्ठ्यावर ठेवला. पहिल्यांदाच मी त्यांना तात्यांशी बसून बोलताना पाहत होते.

"काय रे, मशीन गेलं का परत?"

"न्हाई."

"न्हाई? मग पोरगी काय करून राहिली?"

मी दोर सोडला नाही, पण कान तिकडे होते. पप्पांना नेहमीचा शब्द जिभेवर तयार होता, त्यांना फक्त तो उच्चारायचा होता आणि दिवाळी सुखाची गेली असती. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. माझ्याकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या त्या दोन माणसांकडे.

"खेळून राहिली, तात्या," पप्पा म्हणाले. "काही काम होतं का तिच्याशी?"